पुणे स्थानक जंक्शन आहे, त्याला टर्मिनस करू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे रेल्वे स्थानकाच्या सध्याच्या इमारतीचे उद्घाटन मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते २७ जुलै १९२५ रोजी झाले, म्हणजे या वास्तूने आता शंभरी ओलांडली आहे. शताब्दीच्या निमित्ताने इमारतीच्या दर्शनी कमानींविषयी, जुन्या छायाचित्रांविषयी आणि डेक्कन क्वीनविषयी बरेच काही लिहिले-बोलले गेले. ते वाचताना माझ्यासारख्या जुन्या पासधारकाला आनंदच झाला. मात्र या सगळ्या कौतुकात एका प्रश्नाकडे कोणी वळले नाही, आणि तो प्रश्न इमारतीपेक्षा तिच्या मागे असलेल्या रुळांचा आहे. सहा फलाटांचे हे स्थानक दिवसेंदिवस अपुरे पडते, हे सर्वांना मान्य आहे. ते अपुरे का पडते, याचे उत्तर मात्र ‘गाड्या वाढल्या, माणसे वाढली’ एवढ्यावरच संपवले जाते. माझ्या मते खरे कारण या स्थानकाच्या इतिहासात आहे, आणि ते समजून घेतल्यास उपायही त्याच इतिहासातून सापडतो. त्यासाठी हे पत्र.

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे रूळ १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आले, आणि १८५८ च्या जूनमध्ये घाटमाथ्यावरील खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. मधला बोरघाट तेव्हा तयार नव्हता. त्यामुळे मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसून पुण्याला यायचा. पुण्याचे हे अर्धवट जोडलेले स्थानक तेव्हाही शेवटचे स्थानक म्हणून राहिले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस रूळ पुण्याच्या पुढे डिकसळपर्यंत गेले आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले. म्हणजे मुंबईशी घाटातून सलग जोडले जाण्याआधीच पुणे हे वाटेवरचे स्थानक झाले होते. मुंबईकडून यावे, थोडे थांबावे आणि दख्खनच्या पठारावर पुढे निघून जावे, ही या स्थानकाची रचना अगदी पहिल्या वर्षापासूनची आहे.

घाट १८६३ मध्ये खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल आणि एका टप्प्यावर बेचाळीस हजारांच्या घरात गेलेली मजुरांची संख्या, हे सारे आकडे आता पुस्तकांत छापून बसले आहेत. त्या मजुरांपैकी पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो माणसे दगावली. त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. या कामाचे एक कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावले आणि पुढचे काम त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी आपल्या अभियंत्यांकरवी पूर्ण करून घेतले, हे मात्र फारच थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. या घाटात खंडाळ्याजवळ एक उलटे स्थानक होते. कडा इतका सरळ होता की गाडीला वळण घेता येत नसे. ती एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावले जायचे आणि गाडी पाठमोरी पुढे निघायची. मार्गाची आखणी बदलून १९२९ मध्ये ही उलटापालट बंद करण्यात आली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण घाटातून नाहीशी झालेली ही उलटापालट पुणे स्थानकात अजून शिल्लक आहे, आणि तिच्याकडे मी पुढे वळणारच आहे.

पुण्याला जंक्शन केले ते सदर्न मराठा रेल्वेने. १८८० च्या दशकात या कंपनीचा मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या अरुंद रुळांचा, मार्ग पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरज, बेळगाव, लोंड्याकडे उतरला आणि पुढे कॅसलरॉकला दुसऱ्या कंपनीच्या मार्गाशी जुळून गोव्यातल्या मुरगाव बंदराशी जोडला गेला. मीटर गेजपुरते पुणे हे खरोखरच शेवटचे स्थानक होते, कारण या गाड्यांना पुढे मुंबईकडे जायला त्यांच्या रुंदीचे रूळच नव्हते. माझ्या आठवणीतला पहिला रेल्वे प्रवास याच मार्गावरचा आहे. साधारण १९६८ साली आजोबांबरोबर कोरेगावहून निघून मी पुण्यात उतरलो. मागे सोडलेली ती बुटकी गाडी आणि समोर मुंबईला निघालेली उंच, रुंद गाडी यांत मला इतका फरक वाटला की दोन्हींना गाडीच का म्हणतात, असे मी आजोबांना विचारले होते. ट्रंक, वळकटी, तांदळाची गोणी आणि एक नातू एवढे सामान घेऊन एका गाडीतून दुसरीत जाताना आजोबांची जी त्रेधा उडाली, तशी त्या काळी रोज शेकडो कुटुंबांची उडत असे. मालाचेही तेच. इकडच्या वाघिणीतून (मालडब्यातून) तिकडच्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून माल जायचा. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला आणि ही अदलाबदल थांबली. कोल्हापूरची गाडी थेट मुंबईला जाऊ लागली. पुण्याचे टर्मिनसपण त्या दिवशी एका बाजूने संपले, आणि त्याबद्दल पुण्यातल्या कोणीही तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

आता १९२५ च्या इमारतीकडे पाहू. तिच्या उद्घाटनाच्या पाच-सहा महिने आधी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत व्हीटी (आताचे सीएसएमटी) ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली होती. १९२९ मध्ये विजेच्या तारा घाट चढून पुण्यापर्यंत आल्या आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. ती आरंभी सप्ताहाच्या अखेरीस धावे आणि तिचे गिऱ्हाईक बहुतांशी घोड्यांच्या शर्यतीला येणारे मुंबईकर होते. पुढे ती रोजची झाली आणि चाकरमान्यांची झाली. या विजेचा एक परिणाम मात्र फारसा कोणी सांगत नाही. विजेच्या तारा पुण्यात येऊन थांबल्या त्या दौंडच्या दिशेने पुढे सरकायला २०१७ साल उजाडले. जवळजवळ नव्वद वर्षे मुंबईहून येणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना पुण्यात इंजिन बदलावे लागे. विजेचे इंजिन कापायचे, आधी वाफेचे व नंतरच्या काळात डिझेलचे जोडायचे, यात जाणारा वेळ इतका अंगवळणी पडला की पुण्याला गाडी वीस मिनिटे थांबते हा जणू निसर्गनियमच झाला. बटाटेवडा आणि चहा यांचा धंदा त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालला, हे खरे आहे. पण ‘पुणे म्हणजे गाडीचा मोठा मुक्काम’ ही रेल्वेच्या आणि आपल्याही डोक्यातली कल्पना या तारांनी घडवली, असे मला वाटते. पुढे नव्या गाड्या मागितल्या गेल्या त्या ‘पुण्याहून सुटणारी गाडी’ अशाच शब्दांत. जम्मूची झेलम आली, हावड्याची आझाद हिंद आली, दिल्लीची दुरांतो आली, दानापूरच्या गाड्या आल्या. प्रत्येक गाडीचे स्वागत झाले, आणि प्रत्येक गाडीने सहांपैकी एका फलाटावर आपला वाटा मागितला.

हा वाटा किती मोठा असतो, याची कल्पना सामान्य प्रवाशाला नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाटेवरच्या गाडीला पुण्यात पाच-दहा मिनिटे पुरतात. पुण्यात संपणाऱ्या गाडीचे तसे नसते. आधी प्रवासी उतरतात, पार्सलचा डबा रिकामा होतो, इंजिन कापले जाते. मग रिकामे डबे धुण्यासाठी, पाणी भरण्यासाठी आणि तपासणीसाठी घोरपडीच्या यार्डात ओढून न्यावे लागतात. सुटण्याच्या वेळेआधी तेच डबे पुन्हा फलाटावर आणून लावावे लागतात. सणासुदीला, विशेषतः दिवाळी-छटच्या दिवसांत, उत्तरेकडच्या गाड्यांना जनरल डब्यासाठी रांगा लावाव्या लागतात, तेव्हा गाडी आणखी आधी लावावी लागते. म्हणजे एका गाडीसाठी फलाट दोनदा अडतो, आणि रिकाम्या डब्यांची ये-जा मुख्य मार्ग ओलांडत होत असल्याने तेवढा वेळ इतर गाड्याही थांबतात. शिवाजीनगर किंवा घोरपडीजवळच्या आउटरला (स्थानकाबाहेरच्या सिग्नलला) ताटकळणाऱ्या गाडीतले प्रवासी ‘सिग्नल मिळत नाही’ म्हणून वैतागतात. बऱ्याचदा त्यांच्या फलाटावर एक रिकामी गाडी उभी असते.

यात भर पडते ती वर म्हटलेल्या उलटापालटीची. पुण्याची रेल्वे नकाशावर पाहिली तर पश्चिमेकडून मुंबईचा मार्ग येतो, आणि पूर्वेला घोरपडीपाशी दौंडचा व मिरजेचा असे दोन फाटे फुटतात. मुंबई-सोलापूर किंवा मुंबई-कोल्हापूर गाडी त्यामुळे सरळ निघून जाते. पण मिरजेकडून येऊन दौंडकडे जाणारी गाडी पुण्यात शिरते, थांबते, तिचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावले जाते आणि ती आल्या दिशेनेच बाहेर पडते. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस आणि कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस या अशा गाड्या आहेत. पुण्यापर्यंत खिडकीतून पुढचा डोंगर पाहणारा प्रवासी पुण्यानंतर मागे पडणारे माळ पाहत बसतो, ते यामुळे. मिरजेचा मार्ग निराळ्या कंपनीने, निराळ्या रुंदीचा, पुण्यालाच संपणारा म्हणून बांधला होता, त्याचे हे आजही भरावे लागणारे व्याज आहे. ही उलटापालट रुळांच्या रचनेमुळे अटळ आहे, हे मी समजू शकतो. म्हणूनच जी टाळता येण्यासारखी आहे ती तरी टाळावी, असे माझे म्हणणे आहे.

फलाट लांब करण्याचा आणि यार्डाची फेररचना करण्याचा प्रस्ताव गेली अनेक वर्षे चर्चेत आहे. चोवीस-सव्वीस डब्यांच्या गाड्या सगळ्या फलाटांवर मावायला हव्यात, यात वाद नाही. हडपसरला आणि खडकीला पर्यायी टर्मिनल उभे करण्याचे कामही रेल्वेने हाती घेतले आहे, आणि हडपसरहून हैदराबादची गाडी सुटूही लागली. या धोरणाला माझा विरोध नाही. मात्र ते ज्या पद्धतीने राबवले जात आहे, तिच्यात एक मूलभूत चूक होते आहे. पूर्वेकडून येऊन हडपसरला संपणारी गाडी पुणे स्थानकात येतच नाही. सिंहगड रस्त्यावरच्या किंवा कोथरूडच्या माणसाने पहाटे चार वाजता म्हाताऱ्या आईवडिलांना आणि सामानाला घेऊन हडपसरला कसे पोहोचावे? स्थानकाकडे जाणारा रस्ता अरुंद, बस बेताची, आणि रिक्षाचे भाडे कधीकधी हैदराबादच्या जनरल तिकिटाशी स्पर्धा करणारे. याउलट पुणे स्थानकासमोर एसटीचे स्थानक आहे, पीएमपीचा थांबा आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून वनाज-रामवाडी मेट्रोचे स्थानकही तेथेच सुरू आहे. शहराने आणि राज्याने पैसा ओतून जेथे सर्व वाहने एकत्र आणली, तेथूनच गाडी काढून घ्यायची, हा व्यवहार मला समजत नाही.

यावर साधा तोडगा असा की, पूर्वेकडे जाणारी गाडी शहराच्या पश्चिमेकडून सुटावी आणि पश्चिमेकडे जाणारी पूर्वेकडून. हावडा, जम्मू, दानापूरच्या गाड्या खडकीहून निघाव्यात, पुणे स्थानकात दहा मिनिटे थांबाव्यात आणि दौंडच्या दिशेने मार्गस्थ व्हाव्यात. मुंबईच्या गाड्या हडपसरहून निघाव्यात आणि पुण्यात प्रवासी घेऊन पुढे जाव्यात. परतताना याच्या उलट. प्रवाशाला पुणे स्थानक सुटत नाही, आणि स्थानकाला गाडी तासभर सांभाळावी लागत नाही. यात अडचणी आहेतच. देखभालीचे यार्ड घोरपडीला, म्हणजे पूर्वेला असल्यामुळे खडकीहून सुटणारे डबे तेथवर रिकामे न्यावे लागतील. खडकीला गाड्या उभ्या करण्याची सोय वाढवावी लागेल. पुणे-लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेशिवाय त्या टप्प्यावर फार गाड्या वाढवता येणार नाहीत. तरीही रिकामी गाडी पुण्यातून न थांबता सरळ पार होणे आणि ती फलाटावर येऊन, उलटी होऊन, पुन्हा परतणे यांत मोठा फरक आहे. डेक्कन क्वीनसुद्धा हडपसरहून सोडावी असे मी म्हटले, तर ज्या डब्यात मी वर्षानुवर्षे बसलो तेथे मला पुन्हा कोणी सरकून जागा देणार नाही, याची मला जाणीव आहे. पुण्यात चढणाऱ्या पासधारकाच्या वेळेत काहीच बदल होत नसेल, तर गाडी त्याआधी कोठून आली याच्याशी आम्हाला काय कर्तव्य, एवढेच त्यांना सांगेन.

ही कल्पना काही हवेतली नाही, रेल्वे ती स्वतःच अंशतः वापरते आहे. मुंबईहून सकाळी येणाऱ्या इंद्रायणी एक्स्प्रेसचेच डबे पुढे सोलापूर इंटरसिटी म्हणून वर्षानुवर्षे धावत आले आहेत. गाडीचा क्रमांक बदलतो, नाव बदलते, डबे पुढे चालू राहतात. कल्याणचे उदाहरणही समोर आहे. नाशिककडचे आणि पुण्याकडचे दोन मोठे मार्ग जेथे मिळतात त्या कल्याणात लांब पल्ल्याच्या गाड्या येतात, थांबतात आणि निघून जातात. त्यांतल्या बहुतेक गाड्यांना कल्याण हे मुक्कामाचे ठिकाण नाही, म्हणूनच तो भार तेथे पेलला जातो.

सर्वांत सोपी आणि सर्वांत आधी करता येण्याजोगी गोष्ट मात्र लोकलची आहे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून चालू आहे. दौंडच्या बाजूला डेमू-मेमू (डिझेलवरच्या व विजेवरच्या लोकलसारख्या) गाड्या धावतात. एक मार्ग सुमारे चौसष्ट किलोमीटरचा, दुसरा सुमारे शहात्तर. लोणावळ्याची गाडी पुण्यात संपते, दौंडची गाडीही पुण्यातच संपते, आणि दोन्ही आपापल्या फलाटावर परतीच्या वेळेची वाट पाहत उभ्या राहतात. यवत, केडगाव, उरुळीहून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराला पुण्यात उतरून पूल चढावा लागतो आणि जोडगाडी चुकली तर पाऊण तास-तासभर बसावे लागते. या दोन गाड्या जोडून लोणावळा-दौंड अशी एकच गाडी केली, तर दोन फलाटांवरचा भार एकावर येतो आणि प्रवाशाची जोडगाडी संपते. दौंडकडे वीज नव्हती, तोपर्यंत हे शक्य नव्हते, हे मान्य. आता वीज आहे. दौंडकडच्या स्थानकांचे फलाट बुटके आहेत आणि लोकलचे डबे उंच, ही अडचण सांगितली जाते. पण मेमूच्या डब्यांना पायऱ्या असतात, तेव्हा ती अडचण सुटण्यासारखी आहे. पुणे-दौंड मार्गाला उपनगरीय दर्जा द्यावा, ही जुनी मागणीही याच निमित्ताने निकाली काढता येईल, आणि त्यामुळे पासाच्या दरात मिळणारा दिलासा त्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना व कामगारांना मोलाचा वाटेल.

स्थानकातील इतर सोयींविषयी थोडक्यात. सरकते जिने, लिफ्ट, राजा बहादूर मिलच्या बाजूचे दुसरे प्रवेशद्वार, सशुल्क प्रतीक्षालय यांमुळे गेल्या काही वर्षांत सुधारणा झाली आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रवेशद्वाराची माहिती अनेक प्रवाशांना नसते. तिकिटावर किंवा संदेशात फलाट क्रमांकाबरोबर जवळचे प्रवेशद्वार सांगितले, तरी पादचारी पुलावरची गर्दी पुष्कळ कमी होईल. आयत्या वेळी फलाट बदलल्याची घोषणा हा पुण्याच्या प्रवाशाचा नित्याचा अनुभव आहे. तोही वर सांगितलेल्या अडकलेल्या फलाटांचाच परिणाम असल्यामुळे त्याची स्वतंत्र तक्रार मी करत नाही. शंभर वर्षांच्या इमारतीला रंग देऊन आणि दिवे लावून सजवले, तेही चांगलेच. तिच्या मुख्य दालनात १८५८ पासूनच्या मार्गांचा एक मोठा नकाशा मराठीत लावला, तर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला आपली गाडी पुण्यात उलटी का फिरते, हे तरी कळेल.

मध्य रेल्वेच्या पुणे विभागाने आपल्या पुढील वेळापत्रकात एवढे करावे, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करतो: सकाळची एक आणि संध्याकाळची एक लोकल लोणावळा ते दौंड अशी सलग चालवून पाहावी, आणि सहा महिन्यांनी त्या काळात पुण्याच्या फलाटांवर गाड्या किती वेळ उभ्या राहिल्या, याचे आकडे प्रवासी संघटनांपुढे ठेवावेत. या मार्गावरच्या खासदार-आमदारांनी नव्या गाडीची मागणी करताना ‘पुण्याहून’ याऐवजी ‘पुणेमार्गे’ हा शब्द वापरायला सुरुवात केली, तर त्यांचेही आभार मानीन.

आपला नम्र,
एक जुना पासधारक,
पुणे